'रामदास' बांधणारी स्वॉन हंटर: टाइन नदीकाठच्या एका जहाज कारखान्याचा इतिहास

प्रश्न: १९४७ साली रेवसजवळ बुडालेली 'रामदास' बोट स्वॉन हंटर कंपनीनं बांधली होती आणि त्याच कंपनीनं 'क्वीन एलिझाबेथ' हे प्रचंड प्रवासी जहाजही बांधलं, असं मराठीत अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. हे खरं आहे का? ही कंपनी कुठली, तिनं आणखी काय बांधलं आणि ती बंद का पडली?

उत्तर:

पहिला भाग खरा, दुसरा चुकीचा. 'रामदास' १९३६ साली स्वॉन हंटर अँड विगम रिचर्डसन या कंपनीनं बांधली. 'क्वीन एलिझाबेथ' मात्र स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवर, क्लाइडबँकच्या जॉन ब्राऊन कंपनीत बांधली गेली आणि २७ सप्टेंबर १९३८ला पाण्यात उतरली. म्हणजे 'रामदास' मुंबईत आली तेव्हा ते जहाज अजून तयारही झालेलं नव्हतं. स्वॉन हंटरचं नाव ज्या मोठ्या प्रवासी जहाजामुळे जगभर झालं ते 'मॉरिटानिया'. या दोन नावांची कुठेतरी सरमिसळ झाली असावी आणि पुढे तीच ओळ एकाचं पाहून दुसरा लिहीत गेला.

कारखाना इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन नदीच्या उत्तर काठावर वॉल्सेंड गावात. रोमन सम्राट हेड्रियनची भिंत जिथे संपत होती तेच हे गाव, आणि त्या भिंतीच्या टोकाला असलेल्या सेगेडूनम किल्ल्याचे अवशेष कारखान्याला अगदी लागून आहेत. मूळ यार्ड चार्ल्स मिचेल या जहाजबांधणाऱ्याच्या ताब्यातलं. त्याचा मेहुणा चार्ल्स शेरिटन स्वॉन १८७४पासून ते चालवत होता. १८७९मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना बोटीवरून पडून स्वॉनचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या विधवेनं, मेरी स्वॉन यांनी, संडरलंडचा अनुभवी जहाजबांधणारा जॉर्ज बर्टन हंटर याला भागीदार करून घेतलं आणि 'सी. एस. स्वॉन अँड हंटर' सुरू झाली. नावातलं 'स्वॉन' म्हणजे हयात नसलेला नवरा आणि प्रत्यक्ष भागीदार त्याची पत्नी, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. खरं तर कंपनीच्या इतिहासाची सुरुवात तिथूनच करायला हवी.

हंटरला सुरुवातीपासून एक गोष्ट पक्की कळली होती. जहाजाच्या कारखान्याची मिळकत जशी लोखंडातून येते तशीच जागेतूनही येते: किती लांबीचा स्लिपवे (जहाज बांधून पाण्यात उतरवण्याचा उतार), समोर किती पाणी, वर किती वजन उचलणारी क्रेन आणि पावसात काम थांबतं की नाही. टाइनकाठी हिवाळ्यात पाऊस, वारा आणि अंधार यांमुळे उघड्यावरच्या कामाचे तास बुडत. म्हणून वॉल्सेंडला काही स्लिपवेवर काचेच्या छपराच्या प्रचंड शेड उभ्या राहिल्या आणि त्यांच्या छताखाली विजेवर चालणाऱ्या क्रेन धावू लागल्या. त्या काळात बहुतेक यार्डांत उघड्या आभाळाखाली लाकडी खांबांना टांगलेल्या कप्प्यांनी पत्रे चढवले जात होते. त्यांच्या मानाने ही मोठीच झेप होती.

याच काळात कंपनीनं तरंगत्या गोद्या बांधण्यात हात बसवला. १८९७मध्ये क्यूबातल्या हवानासाठी आणि १९०२मध्ये बर्म्युडासाठी अशा गोद्या इथून गेल्या. तरंगती गोदी म्हणजे तळाला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये पोकळ टाक्या असलेली भलीमोठी पेटी. टाक्यांत पाणी घेतलं की ती बुडते, जहाज आत येतं, पाणी उपसलं की जहाजासकट वर येते. बांधायला ती जहाजापेक्षा सोपी वाटते, कारण आकार चौकोनी. पण जहाजाचं वजन लांबीभर सारखं नसतं. मधल्या टाक्या आणि टोकाच्या टाक्या एकाच वेगानं उपसल्या तर गोदीचा तळ वाकतो, म्हणून प्रत्येक टाकीचा पंप आणि झडपा स्वतंत्र ठेवाव्या लागतात. पुढे १९२८मध्ये सिंगापूरच्या नौदल तळासाठी ५०,००० टन उचलणारी गोदी वॉल्सेंडलाच तयार झाली आणि तुकड्यातुकड्यांनी, सुएझ कालव्यातून ओढत नेऊन तिथे पुन्हा जोडली गेली.

आता 'मॉरिटानिया'. जर्मन जहाजांनी अटलांटिकवरचा वेगाचा मान पटकावला होता आणि क्युनार्ड ही ब्रिटिश प्रवासी जहाज कंपनी अमेरिकी भांडवलदारांच्या हाती जाईल अशी भीती ब्रिटिश सरकारला वाटत होती. सरकारनं दोन जहाजांसाठी २६ लाख पौंडांचं कर्ज पावणेतीन टक्के व्याजानं दिलं, वर वार्षिक दीड लाख पौंडांचं अनुदानही ठरवलं. एक जहाज, 'लुसिटानिया', क्लाइडबँकला गेलं. दुसऱ्यासाठी एकटी स्वॉन अँड हंटर लहान पडत होती. म्हणून १९०३मध्ये तिनं शेजारच्या जॉन विगम रिचर्डसन यांच्या नेपच्यून यार्डशी विलीनीकरण केलं. हे यार्ड १८६०पासून चालू होतं. दोन यार्डांच्या मधली टाइन पाँटून्स ही गोदी कंपनीही घेतली, त्यामुळे नदीकाठची सलग पट्टी हाती आली. इंजिनं बनवणाऱ्या वॉल्सेंड स्लिपवे अँड इंजिनिअरिंग कंपनीचा ताबाही मिळवला. त्याच वर्षी, मे महिन्यात, जुन्या नावानं बांधलेली 'कार्पेथिया' पहिल्या सफरीवर निघाली. १९१२मध्ये 'टायटॅनिक'च्या सुमारे ७०० लोकांना समुद्रातून वर घेणारी ती हीच.

१८ ऑगस्ट १९०४ला 'मॉरिटानिया'चा कणा ठेवला गेला. लांबी ७९० फूट, रुंदी ८८ फूट, नोंदणी ३१,९३८ टन. एवढ्या मोठ्या जहाजाला वाफेची टर्बाइन बसवण्याचा निर्णय धाडसाचा होता. चार्ल्स पार्सन्सच्या 'टर्बिनिया' या छोट्या बोटीनं १८९७मध्ये ब्रिटिश आरमाराच्या संचलनात ३४ नॉटच्या (ताशी समुद्री मैलांच्या) आसपास वेग घेऊन सगळ्यांना थक्क केलं होतं, पण ती बोट जेमतेम शंभर फुटी. इथे चार शाफ्ट, २५ बॉयलर, १९२ भट्ट्या आणि ६८,००० अश्वशक्तीचं गणित होतं. नौदलाच्या हौदात मेणाच्या मॉडेलवर चाचण्या होत होत्याच. शिवाय कंपनीनं १:१६ प्रमाणाची, साडेसत्तेचाळीस फुटांची, विजेवर चालणारी बोट बनवून जवळच्या नॉर्दंबरलंड गोदीत चालवली आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्यांच्या जागा, फिरण्याच्या दिशा आणि नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आकार तपासला. मोठं मॉडेल का, याला कारण आहे. मॉडेल जितकं लहान, तितका पाण्याच्या घर्षणाचा वाटा प्रमाणाबाहेर वाढतो आणि पंख्यांच्या निकालांवर भरवसा कमी होतो.

तरीही एक गोष्ट निसटली. चाचणीच्या वेळी पिछाडीला इतकी थरथर जाणवली की तिथली बांधणी जास्तीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांनी मजबूत करावी लागली. थेट जोडलेल्या टर्बाइनचे पंखे फार वेगानं फिरतात. तीन पात्यांच्या पंख्याचं प्रत्येक पातं हलजवळून, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या कवचाजवळून, जाताना पाण्याचा एक ठोका देतं, आणि त्या ठोक्यांची गती पिछाडीच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली की थरथर वाढते. पुढे चार पात्यांचे पंखे बसवले आणि जहाज आणखी वेगवान झालं. अटलांटिकच्या पश्चिमेकडच्या सफरीचा १९०९मधला विक्रम २० वर्षं, १९२९पर्यंत, कुणाला मोडता आला नाही.

२० सप्टेंबर १९०६ला हे जहाज टाइनमध्ये उतरवलं. जहाजाच्या आयुष्यातला सगळ्यात धोकादायक मिनिट हाच, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. जहाजाच्या तळाखाली दोन समांतर लाकडी पट्ट्या नदीकडे उतरत्या बसवतात, त्या स्थिर. त्यांच्यावर घसरणाऱ्या दुसऱ्या पट्ट्या आणि त्यावर जहाजाला पेलणारा लाकडी पाळणा. दोन्ही पट्ट्यांमध्ये आधी घट्ट चरबीचा थर, त्यावर मऊ साबण आणि तेल. उतार साधारण १६ फुटांना १ ते २४ फुटांना १. उतार कमी पडला किंवा थंडीनं चरबी गोठली तर जहाज हलत नाही आणि जॅक लावून ढकलावं लागतं. पट्ट्यांवरचा दाब दर चौरस फुटाला दोन-अडीच टनांच्या वर गेला तर चरबी पिळून बाहेर येते, लाकडावर लाकूड घासतं आणि धूर निघतो.

पुढे दोन संकटं असतात. पिछाडी पाण्यावर गेली पण पाणी तिला उचलण्याइतकं खोल नसेल, तर जहाज पट्टीच्या टोकावर तराजूसारखं कलतं. त्यावर उपाय म्हणजे उधाणाची भरती निवडणं, पट्ट्या पाण्याखाली आणखी लांब नेणं किंवा नाळेकडे वजन भरणं. टाइनच्या मुखाशी उधाणाच्या दिवशी पाणी ४ मीटरहून जास्त चढतं, त्याचा पुरेपूर फायदा घेतला जाई. दुसरं संकट याच्या उलट. पिछाडी तरंगू लागली की जहाज नाळेखालच्या टेकूवर फिरतं आणि त्या क्षणी एकूण वजनाचा जवळपास पाव भाग त्या एका टेकूवर येतो. टेकू चेपला तर नाळेचे पत्रे आत जातात. मोठ्या जहाजाच्या नाळेत म्हणूनच आतून तात्पुरते लाकडी आधार ठोकून ठेवतात.

आणि जहाज सुटल्यावर थांबवायचं कसं? टाइन अरुंद नदी. वॉल्सेंडचे मोठे स्लिपवे वळणावर, नदीला कोनात होते, म्हणून सरळ समोरच्या काठाऐवजी नदीच्या लांब सरळ भागाच्या दिशेनं जहाज जाई. शिवाय हलच्या दोन्ही बाजूंना जाड साखळ्यांचे ढीग रचून ठेवत आणि ते तारदोरानं जहाजाला बांधत. सगळे ढीग एकदम ताणले गेले तर दोर तुटतात, म्हणून दोरांच्या लांब्या वेगवेगळ्या ठेवून एकामागून एक ढीग ओढला जाईल असं जमवायचं. ओढल्या जाणाऱ्या साखळीचं जमिनीवरचं घर्षण हाच ब्रेक. पुढे अडीच लाख टनी टँकरसुद्धा याच पद्धतीनं थांबवले गेले.

रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, कामाबद्दलही थोडं सांगतो, कारण 'मॉरिटानिया'पासून 'रामदास'पर्यंत सगळं त्यावर उभं होतं. एका टोळीत दोन रिव्हेट ठोकणारे, शक्यतो एक उजवा आणि एक डावखुरा, म्हणजे दोघांचे घण आळीपाळीनं बसतात. पत्र्याच्या मागून जड लोखंड धरून उभा राहणारा एक. शेगडीवर रिव्हेट लालभडक तापवणारा पोरगा, आणि उंचावर काम असेल तर तापलेला रिव्हेट झेलून भोकात घालणारा आणखी एक. मजुरी नगावर. रिव्हेट कमी तापला तर तो भोक पूर्ण भरत नाही, जास्त तापला तर जळतो आणि ठिसूळ होतो. बरोबर तापलेला रिव्हेट गार होताना आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळून धरतो, खरी ताकद त्या आवळण्यात असते. तपासनीस छोट्या हातोडीनं प्रत्येक डोक्यावर टिचकी मारत जाई. पक्का रिव्हेट खणखणीत वाजतो, सैल बद्द वाजतो. सैल निघालेला छिन्नीनं काढून नवा मारायचा, त्याचे पैसे मिळत नसत. शेवटी पत्र्यांच्या कडा बोथट छिन्नीनं दाबून पाणीबंद करत.

१९१२मध्ये कंपनीनं क्लाइडवरची बार्कले कर्ल विकत घेतली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र जगात जहाजं फार आणि माल थोडा अशी अवस्था झाली. १९३०मध्ये ब्रिटिश जहाजबांधणाऱ्यांनीच एक संस्था काढली. ती कर्जं काढून यार्ड विकत घेई आणि ४० वर्षं तिथे जहाज बांधायचं नाही अशा अटीवर बंद करी. नदीपलीकडच्या जॅरो गावातलं पामर्स यार्ड असंच संपलं आणि १९३६मध्ये तिथले बेकार कामगार पायी लंडनला गेले. त्याच वर्षी वॉल्सेंडच्या कंपनीनं 'रामदास' बांधली. १७९ फूट लांब, २९ फूट रुंद, ४०६ टनांची किनारी प्रवासी बोट. मंदीत असली छोटी कामं मोठ्या यार्डांनाही हवीच असत, कारण त्यांच्यामुळे नकाशे काढणारे, पत्रेवाले, रिव्हेटवाले यांच्या टोळ्या फुटत नाहीत. टोळी एकदा पांगली की ती पुन्हा जमवायला वर्षं लागतात. कंपनीच्या शेवटाचं कारण शोधताना हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरेल.

१७ जुलै १९४७च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवससाठी निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि ६००हून जास्त माणसं गेली. दोष बांधणीचा होता का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. आकडेमोड करून बघू. समजा अशा आकाराच्या बोटीचं भरलेलं वजन ६६० टन आहे (वरचे ४०६ टन हा नोंदणीचा टनभार, वजन नव्हे) आणि तिची मेटासेंट्रिक उंची, म्हणजे सरळ उभं राहण्याची क्षमता मोजणारं अंतर, अर्धा मीटर आहे. सरासरी ६० किलोची ७०० माणसं म्हणजे ४२ टन. पाऊस-लाटांपासून वाचण्यासाठी ती सगळी सरासरी २ मीटर एका बाजूला सरकली तर ८४ टन-मीटरचा फिरवणारा जोर येतो. त्याला ६६० आणि अर्ध्याच्या गुणाकारानं, म्हणजे ३३०नं भागलं की कलाचा स्पर्शक ०.२५, म्हणजे सुमारे १४ अंश. हा फक्त माणसांचा परिणाम. त्यात बाजूनं येणारी लाट आणि डेकवर चढलेलं पाणी मिळवा. डेकवरचं पाणी कलत्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. हे आकडे धरलेले आहेत, बोटीच्या कागदांवरचे नाहीत, पण प्रमाण त्यावरून कळतं. शांत हंगामात हजार माणसं सुखरूप नेणारी अरुंद बोट आषाढातल्या समुद्रात तेवढ्याच भरवशाची राहत नाही. बोट कोणत्या हंगामात, किती माणसं घेऊन सोडायची हा निर्णय कारखान्यात होत नाही, धक्क्यावर होतो. माझ्या मते 'रामदास'ची जबाबदारी वॉल्सेंडवर टाकणं चूक आहे.

मुंबईशी या कंपनीचं नातं एवढंच नव्हतं. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'द्वारका' १९४७मध्ये इथेच बांधली गेली आणि १९८२पर्यंत मुंबई-कराची-आखात या मार्गावर धावली. आखातात कामाला गेलेल्या कितीतरी कोकणी माणसांनी पहिला समुद्रप्रवास तिच्या डेकवर केला. तिच्या जोडीची, १९६१मध्ये दुबईजवळ स्फोट होऊन जळालेली 'दारा' ही बार्कले कर्लची, म्हणजे याच समूहातली. नेपच्यून यार्डची खासियत समुद्राखालून केबल टाकणारी जहाजं. १९४६ची 'मोनार्क' तिथली, आणि अटलांटिकखालून टेलिफोनची पहिली केबल, जी सप्टेंबर १९५६मध्ये सुरू झाली, ती प्रामुख्याने तिनंच टाकली.

दुसऱ्या महायुद्धात 'अॅन्सन' ही युद्धनौका आणि पाठोपाठ विमानवाहू जहाजं इथून गेली. युद्धानंतर जर्मनी आणि जपानचे कारखाने उद्ध्वस्त होते, म्हणून दहा वर्षं ब्रिटिश यार्डांना हवी तेवढी कामं मिळाली. त्या वर्षांत पैसा होता, पण यार्डांची मांडणी बदलली नाही. जपाननं उताराच्या स्लिपवेऐवजी सपाट बांधणी-गोद्या खोदल्या, त्यांवर शेकडो टन उचलणाऱ्या क्रेन उभ्या केल्या आणि जहाज मोठमोठ्या ठोकळ्यांत, छपराखाली वेल्डिंग करून, पाइप आणि वायरिंगसकट तयार करायला घेतलं. जहाजबांधणीत एक ठोकताळा आहे: जे काम कार्यशाळेत १ तासात होतं ते ठोकळ्यावर ३ तास घेतं आणि तरंगत्या जहाजाच्या आत ८ तास. ठोकळा किती मोठा करता येईल हे क्रेन ठरवते. क्रेन लहान असेल तर बरंच काम ८ तासांच्या रकान्यात जातं, मग कामगार कितीही कुशल असो. टाइनकाठी जागाच अशी होती की मागे टेकाड आणि घरं, पुढे नदी. रुंद सपाट गोदी खोदायला वाव नव्हता.

त्यात कामाच्या वाटण्या. रिव्हेट गेले, वेल्डिंग आलं, पण प्लेटर (पत्रे घडवणारा), शिपराइट (सांगाडा उभारणारा), ड्रिलर (भोकं पाडणारा), कॉकर (कडा पाणीबंद करणारा), बर्नर (पत्रे कापणारा) यांच्या जुन्या हद्दी तशाच राहिल्या. एका कंसाला भोक पाडणारा वेगळा, बसवणारा वेगळा, जोडणारा वेगळा, आणि एक यायचा राहिला की बाकीचे थांबायचे. या हद्दी नुसत्या हट्टातून आल्या नव्हत्या. जहाज संपलं की कामगाराला घरी पाठवण्याची पद्धत असल्यामुळे आपलं काम दुसऱ्याला करू देणं म्हणजे आपली पुढची बेकारी ओढवून घेणं, असा त्यांचा अनुभव होता. सगळा दोष संघटनांवर ढकलणारे ही बाजू सोडून देतात.

सरकारनं नेमलेल्या गेडीस समितीनं १९६६मध्ये यार्डांचे मोठे गट करा असं सांगितलं. त्यानुसार १९६८मध्ये टाइनवरची यार्डं स्वॉन हंटरखाली आली: हॉथॉर्न लेस्ली, रीडहेड आणि वॉकरचं व्हिकर्स यार्ड. आपल्या पहिल्या 'विक्रांत'चा हल, तेव्हाचं नाव 'हर्क्युलिस', १९४३-४५मध्ये टाइनवरच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगमध्ये तयार झाला होता. नंतर बेलफास्टला हार्लंड अँड वुल्फनं ते जहाज पूर्ण केलं आणि १९६१मध्ये ते भारताला मिळालं. गट झाला, पण पाच ठिकाणची पाच यार्डं एका मालकाखाली आणल्यानं एकही स्लिपवे लांब होत नाही.

तरी वॉल्सेंडनं एक अचाट गोष्ट करून दाखवली. १९६७मध्ये सुएझ कालवा बंद पडल्यावर आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या महाकाय टँकरांची मागणी उसळली. २ मे १९६९ला 'एसो नॉर्दंब्रिया' उतरली: सुमारे २,५३,००० टन माल वाहणारी, लांबी १,१४३ फूट. कारखान्याला लागून असलेल्या कामगारांच्या गल्ल्यांच्या टोकाला हे जहाज महिनोनमहिने घरांच्या वर उभं होतं, त्याची छायाचित्रं आजही प्रसिद्ध आहेत. अशी आठ जहाजं इथे झाली. पण १९७३मध्ये तेलाचे भाव भडकले, टँकरांची मागणी कोसळली आणि १९७५मध्ये सुएझही पुन्हा उघडला. 'एसो नॉर्दंब्रिया' १९८२मध्ये भंगारात निघाली, तेव्हा ती जेमतेम एक तप वापरलेली होती.

१ जुलै १९७७ला सरकारनं बहुतेक सगळा उद्योग ताब्यात घेतला. इथून पुढे स्वॉन हंटर मुख्यतः युद्धनौकांवर जगली. 'इलस्ट्रियस' जून १९८२मध्ये फॉकलंड युद्धामुळे घाईनं पूर्ण करून दिली, 'आर्क रॉयल' १९८५मध्ये. १९८६मध्ये व्यवस्थापकांनीच कंपनी विकत घेतली. युद्धनौकांच्या धंद्यात एकच गिऱ्हाईक असतं, आणि ते कधी मागणी देईल याचा नेम नसतो. मे १९९३मध्ये 'ओशन' या हेलिकॉप्टरवाहू जहाजाचं कंत्राट बॅरो गावच्या व्हीएसईएल या जहाज कंपनीला गेलं. स्वॉन हंटरची बोली सुमारे ७ कोटी पौंडांनी जास्त होती. बॅरोनं हल ग्लासगोमधल्या गोव्हनच्या व्यापारी यार्डात, व्यापारी पद्धतीनं बांधून घेण्याचं ठरवलं होतं. वॉल्सेंडनं सगळं युद्धनौकेच्या शिस्तीनं मोजलं होतं. काही दिवसांतच बँकांनी प्रशासक नेमला.

१९९५मध्ये याप क्रूसे या डच उद्योजकानं यार्ड ५० लाख पौंडांना घेतलं. समुद्री तेलाची कामं, जहाजांची रूपांतरं होत राहिली. डिसेंबर २०००मध्ये नौदलाच्या बे वर्गाच्या दोन जहाजांचं कंत्राट मिळालं आणि तेच शेवटचं ठरलं. मूळ आराखडा डच कंपनीचा, पण ब्रिटिश गरजांनुसार तो बदलून तपशीलवार नकाशे काढणं आणि तेच नकाशे गोव्हनच्या यार्डाला वेळेत देणं ही जबाबदारी स्वॉन हंटरवर होती. इथे नेहमीची चूक झाली: नकाशे पुरे होण्याआधी पोलाद कापायला सुरुवात. मग पाइप आणि केबलचे मार्ग बदलतात, लावलेल्या भिंती पुन्हा कापाव्या लागतात, आणि सगळं काम ८ तासांच्या रकान्यात जातं. १९९३मध्ये आरेखन विभाग पांगला होता, तो सात वर्षांनी पुन्हा उभा करायला वेळ नव्हता. 'लार्ग्स बे' कशीबशी पूर्ण झाली. ती आता ऑस्ट्रेलियाच्या नौदलात 'चूल्स' म्हणून आहे. जुलै २००६मध्ये सरकारनं कंत्राट काढून घेतलं आणि अपुरी 'लाइम बे' ओढून गोव्हनला नेण्यात आली.

एप्रिल २००७मध्ये क्रेन, तरंगती गोदी आणि यंत्रसामग्री भारताच्या भारती शिपयार्डनं विकत घेतली. मुंबईत मुख्यालय आणि रत्नागिरी-दाभोळकडे कारखाने असलेली ही कंपनी. पुढचे महिने वॉल्सेंडचं सामान सुटं करून भारताकडे येत होतं. ज्या क्रेन न्यायच्या नव्हत्या त्या २०१०मध्ये पाडल्या. भारतीही पुढे कर्जात बुडाली आणि २०१९मध्ये तिचं अवसायन सुरू झालं. क्रेन हलवता येते, पण तिच्याभोवती काम भरत राहणारी मागणी तिच्याबरोबर जहाजात भरून आणता येत नाही.

एखादं जहाज कुणी बांधलं हे पक्कं शोधायचं असेल तर लेखांवर विसंबू नका. कंपनीचं नाव, बांधणीचं वर्ष आणि यार्ड क्रमांक (कारखान्यानं जहाजाला दिलेला अनुक्रमांक) या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. जहाजांची नोंद ठेवणाऱ्या लॉइड्स रजिस्टर या संस्थेच्या वार्षिक खंडांत जहाजाच्या नावापुढे बांधणारा, वर्ष, मापं आणि इंजिन दिलेलं असतं, आणि जुने खंड इंटरनेटवर मोफत बघता येतात. एकच नाव अनेक जहाजांना असतं, म्हणून टनभार आणि लांबी ताडून पाहा. स्वॉन हंटरचे मूळ दस्तऐवज न्यूकॅसलला टाइन अँड वेअर अर्काइव्ह्जमध्ये आहेत. पत्र पाठवताना 'रामदास, १९३६, ४०६ टन' एवढं लिहा आणि नकाशांची मागणी नेमकी करा: सर्वसाधारण मांडणी, मधला छेद आणि स्थिरतेचा तक्ता. तिसरा कागद मिळाला तर वर धरलेल्या आकड्यांच्या जागी खरे आकडे घालून ते गणित पुन्हा करता येईल.